मुक्तीनंतरचा जमाखर्च

इमारत बांधण्यासाठी पैसा उभा राहतो, तिच्या देखभालीसाठी मात्र तरतूद सापडत नाही, ही आपल्या सार्वजनिक अर्थव्यवहाराची जुनी खोड आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ती माणसांच्या जिवावर बेतते. किती खाटा आहेत, किती रुग्ण दाखल झाले, किती बरे होऊन घरी गेले, याचे आकडे अहवालात येतात. घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा रकाना बहुधा कोराच राहतो. वास्तविक खरी कसोटी सुरू होते ती रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पाऊल पडल्यावर.

प्रस्तुत लेखक पूर्वी ज्या महाविद्यालयात शिकवीत असे, तेथील कचेरीतला एक लिपिक महिनाभर उपचार घेऊन परत आला. हाताचा कंप थांबला होता, चेहऱ्यावर तकाकी आली होती. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारले, “काय, या वेळी किती दिवस?” सगळे हसले, तोही हसला. रोखीचे काम त्याच्याकडून काढून घेण्यात आले. तसे त्याला कोणी सांगितले नाही, तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या टेबलावर दिसली एवढेच. काहीजण त्याला टाळू लागले, तर काहीजण “एखाद्या दिवसाने काय होते?” असा आग्रह करू लागले. साडेपाचला कचेरी सुटली की जुनी वाट गुत्त्यावरून जात असे, आणि नवी वाट कोणी दाखविली नव्हती. चौथ्या महिन्यात तो पुन्हा पिऊ लागला. “असली माणसे सुधारायची नाहीत,” असा निष्कर्ष प्राध्यापकांच्या दालनात निघाला आणि मीही मान डोलावली. त्या चार महिन्यांत मी त्याच्याबरोबर एकदाही चहा घेतला नव्हता, हे मला फार उशिरा आठवले.

हा प्रश्न एका कचेरीपुरता नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांतील ५ कोटी ७० लाखांना त्यापायी मदतीची गरज आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कोणते तरी उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. एवढ्या खाटा कोणतेही सरकार उभारू शकणार नाही. आणि उभारल्या, तरी खाटेवरचा महिना केव्हातरी संपतोच.

या पेचातून एक वाट निघाली, ती अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात सहजी न बसणाऱ्या व्यवहारातून. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतील ॲक्रन या गावी गेला. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फिसकटले, खिसा रिकामा झाला आणि हॉटेलातील मद्यालयाचा आवाज कानांवर येऊ लागला. त्याने दूरध्वनी करून करून दुसरा एक मद्यपी शोधला. तो शल्यचिकित्सक होता, नाव डॉ. बॉब स्मिथ. विल्सन त्याला उपदेश करण्यास गेला नव्हता. स्वतःला सावरण्यासाठी त्याला त्याची गरज होती. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली.

बाजारात विक्रेता आणि ग्राहक असतात, सरकारी योजनेत दाता आणि लाभार्थी. येथे मात्र देणाऱ्यालाच घेणाऱ्याची गरज असते आणि दिल्याने साठा घटत नाही, उलट वाढतो. या गटांत प्रवेशशुल्क नाही; बाहेरची देणगी ते स्वीकारत नाहीत, सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून खर्च भागवितात. एक खोली, काही खुर्च्या, आणि “फक्त आजचा दिवस प्यायचे नाही” हा निश्चय, एवढेच भांडवल. याला केवळ भाबडेपणा म्हणता येणार नाही. २०२० साली ‘कॉक्रेन’ या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. रुग्णाला अशा गटाशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात आढळले.

आपल्याकडेही हे बीज रुजले आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे अर्थसाहाय्य त्यामागे होते. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे कार्यकर्ते झाली, आणि रुग्णांच्या पत्नींचाही उपचारांत विचार झाला. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वेगळा प्रयोग झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत संवाद साधला. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनंतर त्यांतील ३६ टक्के अपायकारक पातळीतून बाहेर आले होते, केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

याचा अर्थ डॉक्टरांची गरज संपली असा नव्हे. जुन्या मद्यपीने दारू एकाएकी तोडणे प्राणावर बेतू शकते. तेथे वैद्यकीय देखरेखच हवी. शिवाय गटातील ईश्वरविषयक भाषा प्रत्येकाला रुचेलच असे नाही. आणि समाज करतो आहे म्हणून शासनाने अंग काढून घेणे तर सर्वस्वी गैर होईल. मद्यनिषेधाचे मार्गदर्शक तत्त्व राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात आहे आणि मद्यावरील करातून राज्याला मोठे उत्पन्नही मिळते. त्यातील अल्पसा वाटा उपचारानंतरच्या वर्षभराच्या पाठपुराव्यासाठी राखून ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही.

परंतु सर्वच खर्च अंदाजपत्रकात मांडता येत नाही. संध्याकाळी रिकामा पडणारा शाळेचा एखादा वर्ग अशा गटाला आठवड्यातून एक तास देणे, परतलेल्या सहकाऱ्याचे काम त्याच्याकडे राहू देणे, किंवा काढायचे असल्यास ते त्याच्यासमोर बसून सांगणे, आणि तो एकदा घसरला म्हणून सारे संपले असे न मानणे, या गोष्टींना शासकीय आदेशाची आवश्यकता नाही. शिक्षक आणि कचेरीतील कर्मचारी यांच्या हातात हे आजही आहे. साडेपाचला कचेरी सुटते. त्या वेळी त्या माणसाबरोबर गुत्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आणि त्याच्या पुढेही चार पावले कोण चालणार, एवढाच हा प्रश्न आहे.