आवाज कोठे अडला?

म्हैसूर शहराचे आणि घरबसल्या ऐकण्याच्या छंदाचे नाते जुने आहे. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरीच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र थाटले आणि त्याचे नाव ठेवले ‘आकाशवाणी’. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते नाव आपलेसे केले. एका प्राध्यापकाच्या घरातून निघालेला आवाज गावातल्या दुसऱ्या घरात उमटतो, याचे त्या काळच्या म्हैसूरकरांना केवढे नवल वाटले असेल! आज आवाज टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, आणि तो तेथे पोचला नाही म्हणजे आपल्याला नवल वाटते. अशाच एका न पोचलेल्या आवाजाची हकीकत आज सांगावयाची आहे.

माझे मामा म्हैसूरला असतात. अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी एकच चैन केली. संगणकात साठविलेले गाणे चांगल्या स्पीकरवर ऐकता यावे म्हणून एक ‘डॅक’ विकत घेतला. या साठ्यात एक ध्वनिमुद्रण असे आहे की, ते जगात दुसरीकडे कोठेही नाही. १९७९ सालच्या रामनवमीला माझ्या आईने त्या घरात काही अभंग आणि काही कानडी देवरनाम म्हटले होते. ते मामांनी कॅसेटवर टिपून ठेवले. पुढे त्याची संगणकात नक्कल झाली. मूळ फितीला बुरशी लागून ती निकामी झाली, आणि आई तर त्याच्याही आधी गेली. राहिली ती एवढी नक्कल.

गेल्या वर्षी मुलाने नवा संगणक आणून दिला, सारे सामान एका टेबलावरून दुसऱ्यावर गेले, आणि डॅक मुका झाला. दुकानदाराने पाहताच निदान केले, “यंत्र गेले, नवे घ्या.” मामांनी ते ऐकून घेतले आणि यंत्र पिशवीत घालून परत आणले. मी त्या दिवसांत म्हैसूरला होतो. मला ते म्हणाले, “अरे, डब्याचे चाक बिघडले की नाही हे आम्ही हातोडीने ठोकून, कान लावून ठरवीत असू. नुसते बघून कोणी चाक बदलले नाही.”

हे ठोकून पाहणे कसे करावयाचे, हे कळण्यासाठी आधी आवाजाची वाट कळली पाहिजे. संगणकात गाणे नसते, आकडे असतात. ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. हे आकडे यूएसबीच्या तारेतून डॅककडे जातात. डॅक त्यांच्या बरहुकूम विजेचा दाब कमीअधिक करतो. तो दाब अ‍ॅम्प्लिफायर वाढवितो, आणि स्पीकरचा पडदा हलतो. म्हणजे फाइल, वाजविणारा प्रोग्रॅम, संगणक, तार, डॅक, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर अशी ही सात मुक्कामांची वाट आहे. आवाज नाही याचा अर्थ यांपैकी एका मुक्कामावर तो अडला आहे. कोठे, ते शोधणे म्हणजेच दुरुस्तीचा बहुतेक भाग होय.

पहिली तक्रार ही, की संगणकाला डॅकची दखलच नव्हती. डॅकवरचा दिवा मात्र लागत होता. दिवा लागतो त्या अर्थी जोडणी ठीक आहे, असे आपण समजतो आणि तेथेच फसतो. यूएसबीच्या साध्या तारेच्या पोटात चार तारा असतात. दोन पाच व्होल्टची वीज नेतात आणि दोन संदेश नेतात. पंख्याबरोबर किंवा दिव्याबरोबर येणाऱ्या कित्येक स्वस्त तारांत संदेशाच्या तारा मुळी घातलेल्याच नसतात. वरून पाहता दोन्हींत काही फरक दिसत नाही. सामानाच्या हलवाहलवीत मामांची मूळ तार अशाच एका पंख्याच्या तारेशी बदलली गेली होती. ज्या तारेने पूर्वी मोबाइलमधली छायाचित्रे संगणकात उतरविली होती, ती लावताच संगणकाने डॅकला ओळखले. दुकानदाराने मृत ठरविलेले यंत्र जिवंत होते; त्याच्यापर्यंत निरोप जात नव्हता, इतकेच.

दुसरी तक्रार लहान होती. ओळख पटली, तरी आवाज नाही. येथे दोष तारेचा नसतो, निवडीचा असतो. संगणकाला आवाज बाहेर काढण्याच्या अनेक वाटा असतात, आणि नवे यंत्र जोडल्यावरही तो पुष्कळदा जुन्याच वाटेने जात राहतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन डॅकचे नाव निवडावे लागते. कधी एखादा प्रोग्रॅम डॅकवर एकट्याचाच हक्क सांगून बसतो आणि इतरांना शिरू देत नाही. तो बंद करावा. संगणक फार जुना असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. अधिक वेगाच्या नव्या पद्धतीने बोलणारे डॅक विंडोजला स्वतंत्र ड्रायव्हरवाचून कळू लागले ते २०१७ पासून. त्यापूर्वीच्या संगणकावर उत्पादकाचा ड्रायव्हर बसवावा लागतो.

आवाज आला. मामांनी पहिल्यांदा लावले ते अर्थात आईचे गाणे. आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यात ‘टक्’ असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा. मामांचा चेहरा उतरला. इतका वेळ प्रश्न एका यंत्राचा होता. आता शंका आली की नक्कलच बिघडली असावी. ती बिघडली असेल तर भरपाई कशानेच होणार नव्हती.

हा टकटकाट का होतो, ते समजण्याजोगे आहे. आपण संगणकातून एखादी फाइल दुसरीकडे पाठवितो तेव्हा ती रजिस्टर टपालासारखी जाते. पोच मिळते, पाकीट फाटले तर ते पुन्हा मागविता येते. आवाजाचे तसे नाही. तो नभोवाणीसारखा असतो. आपण आत्ता ऐकत असलेला एखादा शब्द निसटला, तर निवेदकाला थांबवून तो पुन्हा म्हणा, असे सांगता येत नाही. तद्वत यूएसबीतून जाणारा आवाज वेळेवर पोचला पाहिजे. उशिरा पोचलेला तुकडा बाद होतो आणि त्याच्या जागी ‘टक्’ उरते. साध्या वेगाच्या जोडणीत दर सेकंदाला एक हजार पुडकी निघतात. ४४,१०० ला हजाराने भागले तर ४४ उरून दशांशाचा एक तुकडा येतो. म्हणून नऊ पुडक्यांत ४४ आकडे आणि दहाव्यात ४५ असा हिशेब संगणक पाळतो. त्यात संगणकाचे घड्याळ निराळे आणि डॅकचे निराळे. दोन घड्याळे तंतोतंत जुळत नसतात, हा आपल्या घरातलाही अनुभव आहे. चांगले डॅक आपल्या घड्याळाला प्रमाण मानतात आणि संगणकाला “थोडे अधिक पाठव, थोडे कमी पाठव” असे सांगत राहतात. हा संवाद अडखळला किंवा वाटेत गर्दी झाली, की पुडके चुकते.

मग दोष वाटेचा की फाइलचा? मामांनी वही आणि पेन्सिल मागितली. तेच एक गाणे त्यांनी लागोपाठ तीन वेळा ऐकले आणि प्रत्येक ‘टक्’ कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला झाला ते लिहून ठेवले. कसोटी साधी आहे. दोष ध्वनिमुद्रणात असेल तर तो दर वेळी त्याच जागी ऐकू येईल. वाटेत असेल तर तो जागा बदलील. तीन रकाने शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एक टक् सोडून बाकी सारे निरनिराळ्या जागी पडले होते. मामांनी सुटकेचा श्वास टाकला. नक्कल शाबूत होती.

आता वाट तपासावयाची. नव्या संगणकाला भोके कमी, म्हणून मुलाने एक जोडफळी दिली होती. तिच्यात डॅक, गाण्यांची बाहेरची डिस्क आणि माउस असे तिघे एकाच वाटेने येत-जात होते, आणि एकाच भोकाची वीज वाटून घेत होते. मी उत्साहाने सारेच उपटून नव्याने लावू लागलो. मामांनी माझा हात धरला. “एका वेळी एकच. नाहीतर काय केल्याने बरे झाले ते कळणार नाही.” केवळ डॅक जोडफळीतून काढून संगणकाच्या अंगच्या भोकात लावला. टकटक थांबली. मला वाटले, झाले. पण मामांनी तो पुन्हा जोडफळीत लावला, आणि टकटक परतली. मग ते म्हणाले, “आता सापडले.” दोष गेला एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, पूर्वस्थिती केली असता तो परत आला पाहिजे. जोडफळी नसतानाही असा त्रास होत असेल, तर तार आखूड करून पाहावी. वेगवान जोडणीला पाच मीटरपलीकडची तार सोसत नाही. संगणकाची वीजबचतही तपासावी, कारण ती भोकालाच झोपवून ठेवते.

शेवटची तक्रार एका बारीक घुमणाऱ्या आवाजाची होती. गाणे थांबले तरी तो चालूच. संगणकाच्या चार्जरची तार काढून तो बॅटरीवर चालविताच घुमणे थांबले. तेव्हा कारण उघड झाले. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन वेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांत लावलेले होते, आणि दोघांच्या अर्थिंगच्या तारांचे एक मोठे वेटोळे तयार झाले होते. दोन्ही एकाच बोर्डावर आणताच ते मिटले. येथे एक धोक्याची सूचना केलीच पाहिजे. घुमणे थांबावे म्हणून कोणी कोणी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसे कदापि करू नये. ती पिन गाण्यासाठी नसून आपल्या जिवासाठी असते.

यूएसबी ही व्यवस्था १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाली. ती घडविणाऱ्या इंजिनिअरांत अजय भट्ट हे प्रमुख होते, आणि त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. कोणतेही यंत्र कोणालाही सहज जोडता यावे हा तिचा हेतू. तो इतका सफल झाला की, जोडणीच्या पोटात काय चालते याचा विचार करण्याची आपली सवयच सुटली. म्हणून बिघाड झाला की आपण एक तर घाबरतो, नाहीतर नवे विकत घेतो. वास्तविक लागते ती वही, पेन्सिल आणि एका वेळी एकच बदल करण्याची सबुरी.

राहता राहिली ती तिन्ही रकान्यांत एकाच जागी आलेली टक्. चार मिनिटे एकतीस सेकंद. ती ध्वनिमुद्रणातलीच होती. संगणकावर असा आवाज पुसून टाकता येतो, असे मी मामांना सांगितले. त्यांनी ती जागा पुन्हा एकदा लावून ऐकली. “माइक मी हातात धरला होता,” ते म्हणाले. “हात अवघडला आणि तो पंचपात्रीवर आपटला. अक्काने गाता गाताच माझ्याकडे डोळे वटारून पाहिले होते. राहू दे ते.”

आम्ही ते राहू दिले.