काळी माती चोपण होते तेव्हा

वऱ्हाडातल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात माती फुगून त्या मिटतात. मृदाशास्त्रात या मातीला ‘व्हर्टिसोल’ म्हणतात. निदान ३० टक्के चिकणमाती आणि ठरावीक काळाने उघडमीट होणाऱ्या भेगा, या तिच्या मुख्य अटी. जगभरच्या अशा मातींच्या नोंदी नेदरलँड्समधल्या वाखनिंगन या विद्यापीठाच्या गावी एकत्र येतात. १९६६ साली स्थापन झालेली आयस्रिक ही संस्था तिथे आहे. मातीच्या उभ्या छेदांची माहिती साठवणारा तिचा ‘वोसिस’ हा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रे) या प्रणालीवर चालतो.

नोंदी देशोदेशीच्या असल्या की एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिले जाते. कुणी एकवचन लिहितो, कुणी अनेकवचन, कुणाची शेवटी एक जागा मोकळी सुटते. मग ‘व्हर्टिसोल किती?’ या साध्या प्रश्नाचे उत्तरही चुकते. त्यावरचा एक उपाय म्हणजे एनम, म्हणजे आधीच ठरवलेल्या नावांची बंद यादी. यादीबाहेरचे काही आले की डेटाबेस ते थेट नाकारतो. पोस्टग्रेमध्ये ही सोय २००८ साली ८.३ आवृत्तीत आली. ‘वर्ल्ड रेफरन्स बेस’ या आंतरराष्ट्रीय मृदावर्गीकरणात आज बरोबर ३२ मुख्य गट आहेत. एनमसाठी यापेक्षा योग्य यादी मिळणार नाही, असे कुणालाही वाटेल.

पण या यादीला क्रम आहे, आणि तो वर्णानुक्रम नाही. माती ओळखताना एकेका गटाच्या अटी क्रमाने तपासत जायच्या आणि ज्या गटाच्या अटी सर्वांत आधी पूर्ण होतील तिथे थांबायचे, अशी ही पद्धत. क्रम हाच शास्त्राचा भाग असल्यामुळे अभ्यासक तो विचारपूर्वक बदलतात. २००६ च्या आवृत्तीत व्हर्टिसोल सहावा होता. २०१४ मध्ये सोलोनेट्झ, म्हणजे सोडियममुळे घट्ट झालेली चोपण जमीन, त्याच्या आधी आला आणि व्हर्टिसोल सातवा झाला.

आता अशी यादी वापरणाऱ्या वेब ॲप्लिकेशनकडे वळू. अशी ॲप्लिकेशन बनवण्याच्या रुबी ऑन रेल्स या चौकटीत एनम लिहिण्याची सोय ४.१ आवृत्तीत, २०१४ सालीच आली. नुसती नावांची यादी दिली, तर रेल्स डेटाबेसमध्ये नावाऐवजी त्याचा क्रमांक ठेवते, आणि मोजणी शून्यापासून करते. समजा, कुणी जुन्या क्रमाने ही यादी लिहिली. यवतमाळच्या काळ्या मातीपुढे ५ हा आकडा साठला. पुढे नव्या आवृत्तीप्रमाणे कोडमधली यादी सुधारली. डेटाबेसमधल्या एकाही ओळीला हात लागला नाही, पण आता ५ म्हणजे सोलोनेट्झ. पडद्यावर कापसाचे रान चोपण झाले! त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही. प्रोग्रॅम बंद पडला तर निदान कळते तरी. इथे तो सुरळीत चालतो आणि खोटे सांगतो. म्हणून प्रत्येक नावापुढे त्याचा कायमचा क्रमांक उघडपणे लिहावा, किंवा सरळ नावच साठवावे.

पोस्टग्रेचा स्वतःचा एनम या सापळ्यातून वाचतो. त्यात प्रत्येक नावाला स्वतंत्र अंतर्गत ओळख असते आणि क्रम वेगळा नोंदवलेला असतो, तोही अपूर्णांक चालेल असा. त्यामुळे दोन नावांच्या मधोमध तिसरे नाव बसते आणि जुन्या नोंदी जागच्या हलत नाहीत. नाव वाढवता येते, बदलताही येते. पण असलेले नाव काढून टाकण्याची किंवा क्रम फिरवण्याची साधी आज्ञा नाही. अनेक प्रोग्रॅमर या अडवणुकीवर चिडतात. मला मात्र ती योग्य वाटते. २०१४ मध्ये अल्बेलुव्हिसोल हा गट गेला आणि त्याच्या जागी रेटिसोल आला. एनममधले नाव बदलून हे काम एका ओळीत उरकता आले असते, पण ते चूक ठरले असते, कारण रेटिसोलची व्याख्या जास्त व्यापक आहे. जुना छेद तपासणाऱ्याने अल्बेलुव्हिसोल लिहिले असेल, तर त्याची नोंद तशीच राहिली पाहिजे. वोसिसमध्ये गटाच्या नावाबरोबर वर्गीकरणाची आवृत्तीही एका रकान्यात असते, ती याचसाठी.

आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोची सर्वेक्षणे १२ मुख्य वर्गांच्या अमेरिकी पद्धतीने होतात. व्हर्टिसोल त्या पद्धतीतही आहे, पण दोन्हीकडच्या अटी तंतोतंत सारख्या नाहीत. दोन्ही पद्धतींचे दोन वेगळे एनम केले, तर पोस्टग्रे त्यांतल्या सारख्या नावांचीही परस्पर तुलना करू देत नाही, त्रुटी दाखवते. शास्त्रज्ञाने जो फरक जपायचा, तो इथे डेटाबेसच जपतो.

तरीही मातीच्या गटांसाठी मी एनम निवडणार नाही. मसुदा, तपासलेली, नाकारलेली अशा नोंदीच्या अवस्था ॲप्लिकेशन बनवणाऱ्यानेच ठरवलेल्या असतात. तिथे एनम शोभतो. मातीची यादी शास्त्रज्ञांच्या हातात असते. तिला स्वतंत्र तक्ता हवा, ज्यात आवृत्ती, संक्षेप आणि नाव असे रकाने असतील, आणि प्रत्येक छेदाची नोंद त्या तक्त्याला जोडलेली असेल. २०२२ च्या चौथ्या आवृत्तीतही गट ३२ च राहिले, पण व्याख्यांमध्ये सुधारणा झाल्या. आवृत्तीचा रकाना नसेल, तर २०१४ च्या अटींनी ठरलेली काळी माती आणि २०२२ च्या अटींनी ठरलेली काळी माती एकाच नावाखाली मिसळतात, आणि नंतर कुठलीही क्वेरी त्या वेगळ्या काढू शकत नाही.