पडद्यामागची यंत्रणा (भाग ५) : नगरला विमानाचा संकेत नाही

मागच्या आठवड्यात रेल्वे आरक्षणाची यंत्रणा पाहिली. आज कंपन्यांच्या प्रवासाची. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या अभियंत्याला कामासाठी चेन्नईला जायचं असेल, तर पूर्वी ॲडमिनमधून एजंटला फोन जायचा, भाडं कळलं की साहेबांच्या सहीसाठी कागद फिरायचा. आता तो कंपनीच्या पोर्टलवर तारीख नि ठिकाण भरतो.

पहिली अडचण गावाचीच. विमानांचं जग तीन अक्षरी संकेतांवर चालतं आणि नगरला प्रवासी विमानतळ नाही. पुणे म्हणजे पीएनक्यू, शिर्डी एसएजी, संभाजीनगर आयएक्सयू. ‘अहिल्यानगर’ टाइप केल्यावर हे तिन्ही पर्याय समोर यावेत, यासाठी कुणीतरी तसा तक्ता आधी भरून ठेवावा लागतो.

मग शोध सुरू होतो. पोर्टल एकाच वेळी अमेडिअस, सेबरसारख्या तिकीट वितरण यंत्रणांना आणि काही विमान कंपन्यांना थेट विचारतं. यातली सेबर जुनी. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने ती १९६०च्या दशकात उभी केली. प्रत्येक शोधाला ताजं भाडं मागवणं वेळखाऊ आणि खर्चिक असतं, म्हणून पडद्यावरचं भाडं बऱ्याचदा थोड्या वेळापूर्वी साठवलेलं असतं. पैसे भरण्याआधी ते पुन्हा तपासलं जातं. ‘भाडे बदलले आहे’ ही चीड आणणारी सूचना येते ती या टप्प्यावर.

खरा घोळ मंजुरीत होतो. साहेब सुप्याच्या कारखान्यात बैठकीत अडकलेले, आणि रोखून ठेवलेल्या जागेची मुदत संपत आलेली. म्हणून नियमात बसणारं तिकीट लगेच निघावं आणि साहेबांना फक्त कळवलं जावं, ही पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते.

नेट रेंगाळलं की माणूस ‘बुक’ दोनदा दाबतो. चांगल्या यंत्रणेत त्या विनंतीला एक क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर दुसरं तिकीट न काढता पहिल्याचंच उत्तर परत पाठवतो. कंपनीचा जीएसटी क्रमांकही बुकिंगसोबतच जायला हवा, नाहीतर बिल कंपनीच्या नावावर येत नाही आणि कराची वजावट अडते.

आता बऱ्याच कंपन्यांच्या ‘सर्वात स्वस्त तिकीट’ या नियमाबद्दल. तो फक्त विमानाचं भाडं बघतो. पुण्याहून पहाटे सहाचं विमान स्वस्त दिसतं, पण नगरहून लोहगाव विमानतळ शंभराहून अधिक किलोमीटर. शिरूर, रांजणगाव, वाघोली ओलांडून वेळेत पोहोचायचं तर मध्यरात्री टॅक्सी काढायची, आणि सकाळी चेन्नईत उतरलेला माणूस थेट कामाला लागणार. काकडीचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७पासून सुरू आहे. सोयीची सेवा असेल त्या दिवशी तिथलं महाग तिकीटही एकूण हिशोबात परवडू शकतं. तुलना करताना टॅक्सीचं भाडं आणि रस्त्यावरचे तास धरा, हे यंत्रणेला सांगता येतं. मुख्य कार्यालयाला ते आपणहून सुचणार नाही. नगरच्या ॲडमिननेच टॅक्सीची बिलं पुढे ठेवून नियम बदलून घ्यावा.

(पुढच्या आठवड्यात : रद्द तिकिटाचे पैसे कुठे अडकतात?)