भाजले, पण चटका बसला नाही

जळगाव-धुळ्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये भंगार वेचणारे, तोडणारे हात पुष्कळ आहेत. काही पोरं पाइपच्या वेल्डिंगचे फोटो काढणाऱ्या ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून जातात. त्यांच्यासाठी दिल्लीत घडलेली ही गोष्ट.

फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचे बंद पडलेले यंत्र लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू होता. तोडणाऱ्या मजुरांना त्याचा पत्ता नव्हता. एका भंगारवाल्याने तर एक तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. एप्रिलमध्ये माणसे दवाखान्यात आली. कुणाची कातडी काळी पडलेली, कुणाचे केस गळालेले. त्यांतला एक कामगार दगावला.

ही किरणे दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटकाही बसत नाही. काही तासांत किंवा दिवसांत कातडी लाल होते, खाजते आणि बरी झाल्यासारखी वाटते. माणूस पुन्हा कामाला जातो. दोन-तीन आठवड्यांनी फोड येतात, कातडी सोलते, जखम चिघळते. आतल्या रक्तवाहिन्याच खराब झालेल्या असतात, म्हणून ती महिनोन्‌महिने भरत नाही. कधी बोटही कापावे लागते. सोबत उलट्या झाल्या असतील, तर सगळ्या अंगाला किरणे लागल्याची शंका घ्यावी.

पिवळ्या पाटीवर काळी तीन पाती असलेले चिन्ह घरातल्या पोरांनाही दाखवून ठेवा. ते दिसले, किंवा आकाराच्या मानाने फारच जड, शिशाने मढवलेला डबा भंगारात आला, तर फोडू नका, घरी आणू नका. लांब व्हा. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो. इतरांनाही लांब ठेवा आणि ११२ वर कळवा. वेल्डिंगच्या फोटोचे काम असेल, तर किरणे मोजणारा बिल्ला ठेकेदाराकडून मागून घ्या. दोरी बांधलेल्या जागेत पाऊल टाकू नका.

जखमेवर हळद, टूथपेस्ट लावू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि आपण काय काम करतो, कोणत्या दिवशी काय हाताळले, हे आधी सांगा. न सांगितल्यास डॉक्टर साधे भाजणे किंवा ॲलर्जी समजतील.

अंगावर धूळ उडाली असेल तर कपडे काढून वेगळे ठेवावेत, साबणाने अंघोळ करावी. त्यानंतर अशा रुग्णाला शिवल्याने कोणालाही काही होत नाही. माणसाला दूर बसवण्याचे दुःख काय असते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको.

कामावर किरणांमुळे झालेला आजार कायदा व्यावसायिक आजार मानतो. त्याची भरपाई हा आपला हक्क आहे. म्हणून हजेरीची चिठ्ठी आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. रोजंदारीच्या माणसाजवळ पुरावा म्हणून तेवढेच असते.