पनवेल परिसरातील गावठाणांतील घरांची दुरुस्ती व वाढ
पनवेल तालुक्यातील गावांत जुने घर दुरुस्त करणे आणि ते वाढवणे या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४३ नुसार केवळ अंतर्भागाशी संबंधित किंवा बाह्यरूपात विशेष फरक न करणाऱ्या कामांना परवानगी लागत नाही. मजला चढवणे वा परसात खोली बांधणे यासाठी मात्र कलम ४४ अन्वये अर्ज करावा लागतो. अर्ज कोठे करावयाचा हे गावानुसार ठरते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तर तालुक्यातील नैना क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे आहे.

खरा पेच गावठाणाच्या सीमेचा आहे. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. कुटुंबे वाढली, गावठाणे त्या प्रमाणात वाढली नाहीत. विभक्त झालेल्या भावांनी लगतच्या संपादित जमिनीवर घरे बांधली. सरकारी भाषेतही त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, आणि हे नाव यथार्थच आहे. फेब्रुवारी २०२२ मधील शासन निर्णयाने गावठाणापासून २५० मीटरच्या आतील अशा घरांच्या नियमितीकरणाची तरतूद केली.

म्हणूनच आराखडा काढण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घेणे इष्ट ठरते. वडिलोपार्जित घराच्या मिळकत पत्रिकेवर अनेक वारसांची नावे असल्यास त्यांच्या संमतीचा प्रश्नही तेव्हाच उपस्थित होतो.