काटेरी ब्रोमेलियाड आणि बालाघाटची बाग

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या अंगणात ब्रोमेलियाड लावायचे असेल, तर काट्यांना भिऊन गुळगुळीत पानांचे रोप आणू नये, काटेरीच आणावे. रोपवाटिकेत लाल तुऱ्याचा गुझ्मानिया मोहात पाडतो खरा, पण तो अमेरिकेतल्या दमट जंगलात, फांद्यांच्या सावलीत वाढणारा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की त्याची पाने कडेपासून करपतात. याच ब्रोमेलियाड कुळातला अननस मात्र पोर्तुगिजांबरोबर १६व्या शतकात भारतात आला आणि रुजला. आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारो अननस निघतात, अशी नोंद जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात केली आहे. आग्र्याचा उन्हाळा बालाघाटपेक्षा सौम्य नाही आणि तिथली थंडी तर जास्तच बोचरी.

अननस, ब्राझीलकडचा डिकिया, मेक्सिकोचा हेक्टिया ही मंडळी जमिनीत मुळे रोवणारी. पर्णरंध्रे रात्री उघडायची, दिवसा मिटून घ्यायची, ही त्यांची रीत. त्यामुळे भर उन्हात पाणी फारसे उडून जात नाही. डिकियाचे पान जवळून पाहावे: जाड, टणक, कडेला आकडेदार काट्यांची रांग. त्याचा फुलांचा दांडा मधल्या पोंग्यातून न येता बाजूने फुटतो, म्हणून फुलल्यावरही रोप मरत नाही. खरा धोका पावसाळ्याचा. धानाला मानवणारा पाऊस यांची मुळे कुजवतो. काळ्या मातीत खड्डा न करता मुरूम आणि जाड वाळूचा उंचवटा करावा, पाणी साचता कामा नये.

सर्वांत वजनदार आक्षेप डासांचा आहे, आणि जिल्ह्यातल्या बैहरकडच्या जंगलपट्ट्याने मलेरिया इतका सोसला आहे की तो झटकून टाकता येत नाही. त्रिनिदादमध्ये ॲनोफिलीस बेलेटर हा डास झाडांवरच्या ब्रोमेलियाडच्या पोंग्यात साठलेल्या पाण्यात वाढे; १९४०च्या दशकात ती झाडे मारण्यासाठी मोरचुदाची फवारणी करावी लागली. आपल्याकडचे मलेरियाचे डास, ॲनोफिलीस क्युलिसिफेसीज आणि फ्लुव्हिआटिलिस, ओढ्यांत, डबक्यांत, धानाच्या बांध्यांत वाढतात. पोंग्याशी त्यांचे नाते नाही. तरी डेंग्यू पसरवणारा एडिस अल्बोपिक्टस पानांच्या बेचक्यातल्या पाण्यातही अंडी घालतो, म्हणून आक्षेप निम्मा खराच. पण तोही पाणी धरणाऱ्या रुंद पोंग्यांना जास्त लागू पडतो. डिकिया-हेक्टियाच्या अरुंद पानांत पाणी जेमतेम थांबते. अननसाच्या बेचक्यात थोडे राहते. ते आठवड्यातून एकदा जोराच्या धारेने धुऊन काढावे.

परदेशी झाड म्हटले की कान्हाच्या जंगलात माजलेली घाणेरी आठवते, आणि ही शंका रास्त आहे. घाणेरीच्या बिया पाखरे पसरवतात. एकाच वाणाच्या अननसाला मात्र सहसा बीच धरत नाही, त्याची वाढ फुटव्यांवर आणि शेंड्यावर. ब्रोमेलिया पिंग्विन या जातीबाबत मी इतका निश्चिंत नाही. वेस्ट इंडीजमध्ये तिची जिवंत कुंपणे करतात, कारण ती धुमारे सोडत आडवी पसरते. जंगलालगतच्या गावात ती लावूच नये.

काट्यांचे म्हणाल, तर घायपाताचे कुंपण आपल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळले आहे. वाटेपासून दोन हात दूर, मुलांच्या खेळाच्या जागेपलीकडे रोप लावावे, फुटवे काढताना चामडी हातमोजे घालावेत. आणि शेजारच्या संत्र्यावर बोर्डो मिश्रण फवारताना या रोपांवर पोते टाकावे. त्यातले तांबे या कुळाला विषासारखे बाधते.