डनव्हेगन: कुळाचा किल्ला, कुळांचा पैसा

स्कॉटलंडच्या वायव्येला असलेल्या स्काय बेटावर, खाडीच्या काठच्या खडकावर डनव्हेगन किल्ला उभा आहे. तेराव्या शतकापासून तो मॅक्लाउड घराण्याकडे आहे. एकाच घराण्याने इतका काळ राखलेला किल्ला स्कॉटलंडमध्ये दुसरा नाही, असे अभिमानाने सांगितले जाते आणि त्याचे श्रेय दोन गोष्टींना मिळते. पहिली त्याची जागा: 1748 पर्यंत आत शिरायला समुद्राकडचा एकच दरवाजा होता. दुसरी ‘परीचे निशाण’, म्हणजे किल्ल्यात जपलेले एक जीर्ण रेशमी वस्त्र. ते फडकवले की कूळ संकटातून तरते, ही तिथली जुनी श्रद्धा. तटाने आणि निशाणाने शत्रू थोपवला असेलही, पण कर्ज थोपवले नाही. गेल्या अडीचशे वर्षांत या किल्ल्याचा खरा वैरी कर्ज हाच होता, आणि त्यातून तो प्रत्येक वेळी वाचला तो इतरांच्या कष्टांवर किंवा दूर देशी मिळवलेल्या पैशावर.

हे समजायला कुळाच्या नायकाचे स्थान कसे बदलले ते पाहावे लागते. पूर्वी नायकाची जमीन म्हणजे त्याच्यासाठी तलवार उचलणारी माणसे. राजाविरुद्धचा 1745 चा उठाव मोडल्यावर लंडनच्या सरकारने अशा सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले आणि जमिनीचा अर्थ उरला खंड. पण हा बदल त्याआधीच सुरू झाला होता. 1739 मध्ये स्काय आणि हॅरिस बेटांवरची शंभराच्या आसपास माणसे, बायकामुलांसह, अमेरिकेत विकण्यासाठी जहाजावर चढवली गेली. जहाज आयर्लंडच्या बंदराला लागले तेव्हा त्यांची सुटका झाली. या प्रकरणात तेव्हाच्या मॅक्लाउडचा हात असल्याचा आरोप झाला. ज्या कुळाचा नायक म्हणून तो मिरवत होता, त्याच कुळातली ही माणसे होती. त्याचा नातू नॉर्मन 1772 मध्ये गादीवर आला तो अठराव्या वर्षी, मोठे कर्ज डोक्यावर घेऊन. पुढच्या वर्षी लेखक डॉ. जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉसवेल डनव्हेगनला पाहुणे म्हणून राहिले आणि त्यांनी या तरुणाचे कौतुक केले. पण कौतुकाने कर्ज फिटत नाही. 1779 मध्ये शतकानुशतके ताब्यात असलेले हॅरिस बेट 15,000 पौंडांना विकावे लागले.

नॉर्मनने सैन्याची वाट धरली, आणि इथे डनव्हेगनची कथा आपल्या किनाऱ्याला येऊन भिडते. एप्रिल 1783 मध्ये तो मुंबईहून ‘रेंजर’ जहाजाने मलबारकडे निघाला होता. इंग्रज आणि मराठ्यांमध्ये सालबाईचा तह झालेला होता, तरी 8 तारखेला कोकण किनाऱ्यावर आनंदराव धुळपांच्या मराठी आरमाराने जहाज गाठले. झुंज कित्येक तास चालली. कर्नल मॅक्लाउड जखमी झाला आणि विजयदुर्गात कैदेत पडला. त्याच जहाजावर कर्नल मॅकेंझी हंबरस्टन होता. उत्तर स्कॉटलंडमधली सीफोर्थची जहागीर त्याने चारच वर्षांपूर्वी एक लाख पौंडांना विकत घेतली होती. तो जखमांनी विजयदुर्गातच वारला. हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, दोन मोठ्या जहागिरींचे मालक एकाच छोट्या जहाजावर होते, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. तिथल्या खंडावर वाडे आणि मोठेपणा पोसणे अशक्य झाले होते, म्हणून ती माणसे इथे आली होती. मॅक्लाउड सुटला, त्याच वर्षाअखेरीस त्याने कण्णूर जिंकले, आणि 1789 मध्ये पैसा घेऊन मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी डनव्हेगनची मोठी दुरुस्ती सुरू झाली.

यावर कोणी म्हणेल की सरदार पूर्वीही परमुलखात लढून कमावत होतेच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मॅक्लाउड आयर्लंडच्या लढायांत उतरले होते. खरे आहे. पण तेव्हा नायकाबरोबर कूळ कमावत होते. आता कमाई नायकाची आणि खंड कुळांचा, असा हिशेब झाला होता. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. 1840 च्या दशकात बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हाच्या मॅक्लाउडने आपल्या खर्चाने हजारो लोकांना धान्य पुरवले आणि त्यात तो बुडाला. 1849 मध्ये त्याने स्काय सोडले आणि लंडनला सरकारी कचेरीत कारकुनी पत्करली. या माणसाबद्दल मला निर्मळ आदर वाटतो. 1739 च्या आरोपासमोर त्याचे हे वागणे ठेवले की घराण्याला एकाच मापाने मोजता येत नाही, हेही मान्य करावे लागते. पण माझे म्हणणे त्यामुळे खोडले जात नाही, उलट पक्के होते. नायकाने कुळाशी इमान राखले तेव्हा किल्ल्यात राहणे त्याला परवडले नाही. वाडा भाडेकऱ्यांना द्यावा लागला.

विसाव्या शतकात परमुलखातल्या कमाईची जागा प्रवाशांच्या पैशाने घेतली. 1933 मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. 1935 मध्ये तेव्हाच्या नायकाला मुलगा नसल्याने वारसा फ्लोरा मॅक्लाउड या लेकीकडे गेला, पुढे तिच्या नातवाकडे. त्याच नातवाने 2000 मध्ये गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी स्कायवरचे घराण्याकडचे कूलिनचे डोंगर एक कोटी पौंडांना विक्रीला काढले. डोंगर कोणाच्या मालकीचे असू शकतात का, या प्रश्नावर देशभर वाद पेटला आणि विक्री झाली नाही.

डनव्हेगनला जाणाऱ्या मराठी माणसाने परीचे निशाण जरूर पाहावे. पण 1790 मध्ये दुरुस्त झालेल्या भागापाशीही थोडे थांबावे. ते काम काढणारा धनी सात वर्षांपूर्वी विजयदुर्गात कैदी होता.